एका नावाच्या दोघी जावा

लग्नात माझं पहिलं नाव बदललं, तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे तशी रीत आहे, आणि आमच्या घरात तर त्याला कारणही होतं. माझ्या थोरल्या जावेचं नाव आणि माझं माहेरचं नाव एकच. सासूबाई बोलणी करायला शिरोड्याला आमच्या घरी आल्या होत्या, तेव्हाच माझ्या वडिलांना म्हणाल्या, "एका नावाच्यो दोन सुनो घरात कश्यो चलतल्यो? हाक मारली तर कोणी ओ देवची?" वडील हसले. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, आणि त्या दिवसापासून मी त्या नावाची झाले. चार-सहा महिने कोणी हाक मारली तर मी आणि जाऊ दोघीही गोंधळायचो. पुढे सवय झाली.

या जावेला मी वयनी म्हणते. मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे, मागे माड आणि खाली खाडी. दोघे भाऊ, दोघी जावा आणि सासूबाई असं ते घर होतं. थोरले भाऊ मुंबईला गोदीत नोकरीला होते. निवृत्त होऊन गावी आले आणि वर्षभरात हृदयविकाराने गेले. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी पुतणी, लग्न होऊन परदेशी गेली. पाठोपाठ सासूबाईही वारल्या. मला मूल झालं नाही. त्यामुळे त्या मोठ्या घरात वयनी, मी आणि माझा नवरा अशी तीनच माणसं उरली.

मी कुडाळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. नवरा जहाजावर इंजिनखात्यात होता. जहाज कंपनीने माणसं कमी केली तशी त्यांचीही नोकरी गेली. दोन हंगाम त्यांनी पर्यटकांना खाडीत फिरवायची होडी चालवली, पण लोकांना डॉल्फिन दाखवण्यात त्यांचं मन रमेना. मग पुतणीच्या नवऱ्याच्या ओळखीने त्यांना ती दोघं राहतात त्याच देशात, समुद्रकाठच्या एका लहान गावात, मासे साफ करून गोठवायच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचं काम मिळालं. देशाचं नाव मी लिहीत नाही. पुतणीचं घरदार अजून तिथे आहे.

ते रोज सकाळी कामावर जाण्याआधी फोन करायचे. तेव्हा आमच्याकडे दिवेलागण झालेली असायची, मी कुडाळहून परतलेली असायची. वयनी चहा ठेवायच्या आणि फोन आम्ही दोघींच्या मध्ये ठेवायचो. ते बर्फाबद्दल सांगायचे, कारखान्यातल्या माणसांबद्दल सांगायचे. मासे काही त्यांना आवडले नव्हते. म्हणायचे, "हयचो मासो धुतलेल्या कपड्यासारखो गो. वासच नाय तेका." वयनी त्यावर पदर तोंडाला लावून हसायच्या.

पहिल्या हिवाळ्यातच त्यांच्या लक्षात आलं की एकटं राहणं जमणार नाही. त्यांनी ते तसं कधी म्हटलं नाही, पण फोन लांबत गेला. भाजीत काय घातलं, माडावरून नारळ कधी उतरवले, कुत्री व्याली का, असले प्रश्न ते विचारू लागले. त्याच गावात म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास होता आणि तिथे सेवेला माणसं मिळत नव्हती. त्यांनी माझं नाव तिथल्या बाईंना सांगितलं. बाईंनी फोनवर, चेहरा समोर ठेवून, माझी मुलाखत घेतली. ज्या माणसाला आंघोळ नको असते त्याला तुम्ही आंघोळ कशी घालता, असा त्यांचा एक प्रश्न होता. मी म्हटलं, आधी मी त्याच्याजवळ बसते, कोमट पाण्यात त्याचे हात बुडवते आणि दुसरंच काहीतरी बोलत राहते. हाताला पाणी बरं वाटलं की बहुतेक माणसं पुढचं करू देतात. बाई म्हणाल्या, कधी येता?

त्यांनी नोकरीचं पत्र पाठवलं. आता फक्त काम करायचा परवाना मिळवायचा होता. पुतणी म्हणाली, "काकी, तुजा सगळा बरा आसा. काय अडचण येवची नाय."

अर्ज संगणकावरच भरायचा होता. त्यात माझ्या दोन नावांची अडचण आली. पासपोर्टवर माझं सासरचं नवं नाव. नर्सिंगच्या नोंदणीत मात्र लग्नानंतर आडनाव बदललं होतं, पहिलं नाव माहेरचंच राहिलं होतं. त्या कागदावर माझं माहेरचं पहिलं नाव आणि सासरचं आडनाव असं मिळून जे नाव होत होतं, ते बरोबर वयनींचं नाव होतं. आमच्याकडे मध्ये नवऱ्याचं नाव असतं म्हणून दोघी वेगळ्या ओळखू येतो. पण त्या देशाच्या अर्जात मधल्या नावाला जागाच नव्हती.

हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. दोन नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून जोडायचं, एवढंच मला ठाऊक होतं. अशी प्रतिज्ञापत्रं आमच्याकडे लग्न झालेल्या सगळ्याच बायका कधी ना कधी करतात. मालवणला कचेरीबाहेर बसणाऱ्या नोटरी वकिलांकडे त्याचा तयार नमुना असतो. मी सही केली, शिक्का बसला, कागद जोडला. अर्जात एक प्रश्न होता की तुम्हाला पूर्वी कधी या देशात प्रवेश नाकारला आहे का. मी 'नाही' वर बोट ठेवलं. मी तर त्याआधी कधी कुठल्याच देशाला अर्ज केला नव्हता.

उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आलं. मी वॉर्डात होते, एका बाईचं सलाईन बदलत होते, तेव्हा खिशात फोन थरथरला. जेवणाच्या सुट्टीत नर्सेसच्या खोलीत बसून मी ते पत्र वाचलं. इंग्रजी सरळ होतं, तरी मला ते दोनदा वाचावं लागलं. तुम्हाला यापूर्वी प्रवेश नाकारलेला असताना ती गोष्ट तुम्ही लपवलीत, खोटी माहिती दिलीत, म्हणून परवाना नाकारला आहे आणि पुढची पाच वर्षं तुम्हाला या देशासाठी अर्ज करता येणार नाही. खाली आधीच्या नकाराची तारीख दिली होती. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचं पत्र चुकून मला आलंय. पण वर माझंच नाव होतं, पासपोर्टचा आकडाही माझाच.

घरी येऊन मी वयनींना ते मराठीत सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. तारीख ऐकल्यावर त्यांचे हात थांबले.

"ती तारीख माजी," त्या म्हणाल्या.

मग मला आठवलं. पुतणीचं पहिलं बाळंतपण होतं, तेव्हा वयनींनी तिकडे जायचा अर्ज केला होता. डिंकाचे लाडू वळून झाले होते, बाळासाठी मऊ जुन्या साड्यांची दुपटी शिवून झाली होती. नकार आला. बाई विधवा आहे, स्वतःच्या नावावर काही नाही, ती परत जाईल याची खात्री वाटत नाही, असा त्याचा अर्थ होता. वयनींनी ते लाडू शेजारच्या सुनेला खायला दिले. त्या रडल्या होत्या ते मला ठाऊक होतं, पण ती सगळी गोष्ट त्यांची होती. माझ्या अर्जाशी तिचा संबंध लागेल असं मला कसं वाटावं?

पुतणीने तिथला एक वकील गाठला. त्याने फोनवर आम्हाला समजावून सांगितलं. तिथल्या खात्याकडे एवढे अर्ज येतात की माणसं ते आधी वाचतच नाहीत. आधी संगणक ते चाळतो. जुन्या अर्जांशी नावं, पत्ते, जन्मतारखा ताडून बघतो आणि संशयाचे अर्ज वेगळे काढून त्यावर खूण करतो. खूण झालेला अर्ज मग अधिकाऱ्यापुढे जातो, पण तेव्हा खूणच सगळ्यात वर असते. माझ्या बाबतीत नाव जुळलं, आडनाव जुळलं, गाव आणि घराचा क्रमांक जुळला. जन्मतारीखही जुळली, एक जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख लिहायचे. वर्षं वेगळी होती, वयनी माझ्याहून बऱ्याच मोठ्या आहेत. पण वकील म्हणाला, आपल्यासारख्या देशांतल्या लोकांची जन्मवर्षं कागदोकागदी बदलतात हे त्या यंत्राला शिकवलेलं आहे, म्हणून वर्षातला फरक ते मनावर घेत नाही. वर मीच सही करून दिलेलं होतं की या दोन्ही नावांची बाई एकच आहे.

मी विचारलं, "पण दोन्ही अर्जांवर फोटो आहेत ना?"

तो म्हणाला, फोटो कोणी उघडून पाहिले असतील असं त्याला वाटत नाही.

पुन्हा विचार करावा असा विनंतीअर्ज द्यायचा ठरला. त्यासाठी आम्ही दोघी वेगळ्या आहोत असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. वयनींनी त्या दिवशी ठेवणीतली पैठणी नेसली. मी म्हटलं, कचेरीत जायचंय, कशाला? त्या म्हणाल्या, फोटो काढतले तर मगे बरी दिसाक होयी. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून रिक्षा केली. नोटरी तेच होते ज्यांनी माझा आधीचा कागद केला होता. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, दोन नावांचं माणूस एक आहे असं मी रोज लिहून देतो. दोन माणसं दोन आहेत, असं आजपर्यंत कोणी मागितलेलं नाही. याचा नमुना नाही माझ्याकडे."

मग त्यांनी नवा मजकूर तयार केला. वयनींनी सही केली, मी केली. खाली आमचे अंगठेही घेतले. टायपिस्टने आम्हाला भिंतीशी उभं करून फोटो काढला. वयनी ताठ उभ्या राहिल्या, हात माझ्या हाताला लागू न देता, जणू जवळ आलो तर पुन्हा कोणी आम्हाला एक समजेल. येताना रिक्षा घराच्या वळणावर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी गेलंय नाय ती नायच, आणि तुकाव जावक दिलंय नाय."

मी म्हटलं, असं काही नाही. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यांत त्यांच्याकडे बघताना मला कधी कधी राग यायचा, आणि त्याला काही अर्थ नाही हे कळूनही तो जात नव्हता.

विनंतीअर्जाला उत्तर आलं. त्यात पहिल्या पत्रातलीच वाक्यं होती, फक्त वरची तारीख वेगळी. वकील म्हणाला, या विनंत्याही आधी यंत्रच चाळतं. एकदा खूण झाली की ती माणसाच्या मागे सगळीकडे जाते. आता कोर्टात जाणं हाच मार्ग. वेळ लागेल, पण कोर्टात गेलं की कोणीतरी माणूस फाइल उघडेल.

नवरा म्हणाला, जाऊया कोर्टात. दरम्यान त्यांच्या स्वतःच्या परवान्याची मुदत वाढवायची वेळ आली होती. वकिलाने सांगितलं की पत्नीच्या नावावर खोटेपणाची नोंद आहे, अशा वेळी देशाबाहेर जाऊ नका, परत आत घेतील याची हमी मी देत नाही. म्हणून त्या वर्षी ते चतुर्थीला आले नाहीत. गणपतीचं सगळं वयनींनी आणि मी केलं. भावकीतल्या एकाने पूजा केली. आरती चालू असताना मी फोन गणपतीसमोर धरून उभी होते. तिकडे पहाट होती, ते अंथरुणात उठून बसले होते, अंगावर जाड जाकीट होतं, आणि टाळ्या वाजवत होते. आरती संपल्यावर म्हणाले, "फुडच्या वर्साक दोगांयनी करूया." दोघांनी म्हणजे कुठे, इथे की तिथे, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर थंडीतली गोष्ट. संध्याकाळी फोनची वेळ झाली, पण फोन आला नाही. वयनींनी चहा ठेवला होता, तो उतू गेला. मी स्वतः फोन केला तर कोणी उचलला नाही. थोड्या वेळाने पुतणीचा आला. ती मालवणीतच बोलते, पण त्या दिवशी तिला एकेक शब्द शोधावा लागत होता.

"काकी, काकांका हॉस्पिटलात नेल्यानी. तू आधी बस."

त्या दिवशी त्यांची पाळी नेहमीपेक्षा लवकरची होती. कारखान्यात पोचल्यावर कपडे बदलता बदलता ते खाली कोसळले होते. मेंदूत रक्तस्राव. पुतणी आणि तिचा नवरा गाडीने काही तासांवर राहतात, ती दोघं निघाली होती. मी तिला जे विचारायचं ते विचारलं. शुद्ध आहे का, उलटी झाली का, श्वासाला नळी घातली का. तिला बरंचसं माहीत नव्हतं. मला नळीबद्दल कळलं तेवढ्यावरून बाकीचं कळलं.

वकिलाने तातडीच्या भेटीचा अर्ज करायला सांगितलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पत्र दिलं की रुग्णाची प्रकृती अत्यंत गंभीर आहे, पत्नीने लगेच यावं. ते पत्र, लग्नाचा दाखला, दोघींचा तो भिंतीपुढचा फोटो, कोर्टात दावा चालू असल्याचा कागद, सगळं जोडलं. कुडाळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बसून ते करू दिलं. मी बॅगही भरली. मोपा विमानतळ आम्हाला जवळ आहे, उत्तर आलं की लगेच निघता येईल असा हिशेब होता.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, म्हणजे तिकडे अजून उजाडायचं होतं. त्या वेळी तिथल्या कचेरीत कोणी माणूस बसलेला असणं शक्य नव्हतं. तुमच्यावर अर्ज करण्यास बंदी असल्याने हा अर्ज विचारात घेता येत नाही. एवढंच. डॉक्टरांच्या पत्राचा उल्लेख नव्हता, नवऱ्याचा नव्हता.

मी आयुष्यभर रुग्णांच्या नातेवाइकांना बाहेरच्या बाकावर बसलेलं पाहिलं आहे. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नाही, आणि कोणी बाहेर आलं की सगळे एकदम उभे राहतात. आता मी आमच्या पडवीत बसून तसंच करत होते. फोन वाजला की उभी राहायची. पुतणी फोन त्यांच्या कानाशी धरायची आणि मी बोलायची. काय बोलले ते सगळं आठवत नाही. माडांना खत घातलं असं सांगितलं. कुत्रीची पिल्लं शेजाऱ्यांनी नेली असं सांगितलं. वयनी माझ्या मागे उभ्या राहून ऐकायच्या आणि त्यांची वेळ आली की फोन हातात घ्यायच्या आणि मलाच परत द्यायच्या. आपल्या या धाकट्या दिराला त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्या या घरात आल्या तेव्हा ते शाळेत जात होते.

मग एका संध्याकाळी तिथले डॉक्टर स्वतः फोनवर आले. शांत आवाजाचा माणूस होता. मी नर्स आहे हे पुतणीने त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी आडवळण घेतलं नाही. मी विचारलं, बाहुल्या उजेडाला आकसतात का? नाही, ते म्हणाले. मी विचारलं, श्वासाचं यंत्र काही वेळ बाजूला करून पाहिलंत, तेव्हा स्वतःहून श्वास घेतला का? नाही. ही तपासणी दोनदा केली का, वेगवेगळ्या डॉक्टरांनी? हो. आता पत्नी म्हणून तुमचं मत हवं आहे, ते म्हणाले.

मी वयनींकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण त्यांनी मान खाली घातली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, यंत्र बंद करा. पण आधी माझ्या पुतणीला त्यांच्या तोंडात थोडं पाणी घालू द्या. ते म्हणाले, जरूर. पुतणीने कापूस ओला करून ओठांना लावला. मी ते फोनवर पाहिलं. नंतरचंही पाहिलं. पुतणीच्या हातातला फोन कलला होता, त्यामुळे बराच वेळ मला छत आणि दिवाच दिसत होता.

दहन तिथेच झालं. अस्थी घेऊन पुतणी आली, मुलासकट. त्या मुलाने आजीला पहिल्यांदा समोर पाहिलं, आणि वयनींनी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते दहाव्याच्या दिवशी. खाडीच्या मुखाशी अस्थी सोडल्या. भटजींनी नाव विचारलं तेव्हा भावकीतल्या माणसाने सांगितलं. माझ्या तोंडून ते निघालं नसतं, आणि त्यांचं नाव मी कधी घेतही नव्हते.

पुतणी परत गेली आणि तिने एक काम केलं, ज्याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिथे कायद्याने स्वतःच्या फाइलची प्रत मागता येते. ती तिने माझ्या वतीने मागवली. माझ्या अर्जावर अधिकाऱ्याच्या नावाने दोनच ओळी होत्या, आणि वकील म्हणाला की त्या ओळीही यंत्रच सुचवतं, अधिकारी फक्त मान्य म्हणतो. दोघींचा फोटो फाइलमध्ये होता. त्याच्यासमोर लिहिलं होतं, नवीन माहिती नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. दावा सुनावणीला येण्याआधीच कोणीतरी फाइल उघडून पाहिली होती. या वेळी पत्राखाली माणसाची सही होती, आणि भाषाही निराळी होती. तपासाअंती असं दिसून येतं की आधीचा नकार दुसऱ्या व्यक्तीचा होता. तुमच्यावरचा खोटेपणाचा ठपका काढून टाकण्यात येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. तुम्ही पुन्हा अर्ज करू शकता.

मी ते वयनींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "आता कित्याक?" मग त्या उठून आत चुलीपाशी गेल्या. त्या काळात त्या माझ्याबरोबर जेवायच्या नाहीत. माझं पान वाढून द्यायच्या आणि स्वतः नंतर, उभ्या उभ्या काहीतरी खायच्या. एक दिवस मी त्यांचं ताट माझ्या शेजारी मांडलं आणि त्या येईपर्यंत भाताला हात लावला नाही. भात गार झाला. शेवटी त्या आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "तू तरी माका काय तां बोल. निदान भांड तरी." मी म्हटलं, "वयनी, भांडण तुमच्याशी नाय माजा." मग आम्ही जेवलो. राग केव्हा गेला ते मला सांगता येत नाही, पण त्या दिवशी तो नव्हता.

यंदा उन्हाळ्यात एक गृहस्थ आमच्या घरी आले. विजयदुर्गचे. माझ्या नवऱ्याबरोबर त्याच कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीवर गावी आले होते. ते मोठी बॅग घेऊन आले होते, नवऱ्याच्या सामानाची. पुतणीला त्या वेळी ते सगळं आणता आलं नव्हतं. वयनींनी त्यांना जेवायला थांबवलं. बांगड्याचं तिखलं होतं, सोलकढी होती. ते खाली मान घालून जेवले आणि दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर पडवीत बसून त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं.

"तेंनी घर घेतलेला, वयनी," ते मला म्हणाले. "तुम्ही येतलास म्हणान."

नवरा आधी कारखान्याच्या माणसांबरोबर एका खोलीत राहत होता. कोर्टात जायचं ठरलं तेव्हा त्यांनी बंदराजवळ दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं. तळमजल्यावरचंच हवं म्हणून बरेच दिवस शोधलं, कारण बर्फात बाहेरच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि मी पडेन अशी त्यांना भीती वाटत होती. तिथे ते कारखान्यातल्या माणसांना बोलवायचे नाहीत. म्हणायचे, ती आल्यावर बोलावतो. माझ्याशी रोज फोनवर बोलताना ते त्या घरातूनच बोलायचे, पण मागे नुसती भिंत दिसेल असे बसायचे. मला आल्यावर दाखवायचं होतं बहुधा.

बॅगेत नवऱ्याचे कपडे होते, दाढीचं सामान, हातरुमाल. तळाशी खोक्यात बायकांचे बूट होते, आत लोकर असलेले, जाड तळव्यांचे, नवे. माझ्या मापाहून एक नंबर मोठे. ते गृहस्थ म्हणाले, जाड मोजे घालून नीट बसतील म्हणून मोठे घेतले होते, दुकानात त्यांनी दोघांनी मिळून ठरवलं होतं. वयनींनी त्यातला एक हातात घेतला आणि आतल्या लोकरीवरून बोटं फिरवली.

जाताना त्यांनी विचारलं, आता बंदी उठली आहे, तर मी अर्ज करणार का? त्या निवासातल्या बाई अजून माझी चौकशी करतात, असंही म्हणाले. मी नाही म्हटलं. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. देवगडकडे जाणारी गाडी उशिरा आली, तोवर आम्ही फाट्यावर उभे होतो आणि ते त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल सांगत होते.

परत आले तेव्हा वयनींनी बॅगेतले कपडे पाण्यात भिजत घातले होते. माझी दुपारची ड्युटी होती. मी युनिफॉर्म घातला, डबा घेतला आणि कुडाळची गाडी पकडायला निघाले.